मामाचा गुडघा आणि बाईंचं शासन

मामाचा गुडघा बरा झाला ही आनंदाची बातमी होती, आणि त्या आनंदापायी आमच्या बाई चक्कर येऊन पडल्या. ह्या दोन गोष्टींचा संबंध काय ते सांगते, पण मी सांगायला घेतलं की सगळं एकदम सांगते आणि आई म्हणते, आधी श्वास घे. तर घेतला.

आम्ही वेल्ह्याचे, ख्रिस्ती. वेल्ह्यात आमची घरं इतकी थोडी की सगळ्यांची मिळून एक जीप भरते, आणि रविवारी ती भरतेच. मार्गासनी, नसरापूर, मग कापूरहोळवरनं भोर. भोरचं आमचं चर्च म्हणजे तुमच्या डोळ्यासमोर मनोरा, घंटा असलं काही आलं असेल तर ते पुसून टाका. एका पिठाच्या गिरणीच्या वरचा हॉल आहे. गिरणी रविवारी पण चालू असते. पास्टरांचा उपदेश रंगात आला की नेमकी खाली कुणाची तरी बाजरी दळायला येते, आणि मग पास्टर ओरडून सांगतात की देव हळू आवाजात बोलतो. काळे कपडे घालून गेलं की माणूस परत येताना ज्वारीच्या कणसासारखा दिसतो.

जीपच्या पुढच्या सीटवर बाई. बाई म्हणजे बाईच, त्यांना दुसरं काही म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. झेडपीच्या शाळेतनं त्या कधीच्या रिटायर झाल्या, पण रविवारच्या शाळेतनं त्यांना देवसुद्धा रिटायर करू शकला नाही. मामा लहान असताना त्यालाही त्यांनीच शिकवलं, मलाही त्यांनीच, आणि आता माझ्या भाच्यांचे कान त्यांच्याच हातात आहेत. कान हे मी उगाच म्हणत नाही. बाईंची शिक्षा एकच. नाव घेत नाहीत, आवाज चढवत नाहीत, फक्त म्हणतात, "कान धर." मग आपले कान आपणच धरून उभं राहायचं, बाईंचं समाधान होईपर्यंत. बाईंचं समाधान लवकर होत नाही.

त्यांचं लाडकं वचन होतं, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शासन करतो, अशा अर्थाचं. आता तुम्हीच सांगा, वेल्ह्याच्या पोराला शासन म्हटल्यावर काय कळणार? आमच्या घरासमोर तहसील कचेरी. मला वाटायचं, देवाचं आपल्यावर केवढं प्रेम आहे, दारातच शासन आणून ठेवलंय. दाखल्यासाठी लोक लाईनीत उन्हात उभे असायचे ते बघून मला वाटायचं, यांच्यावर तर लईच प्रेम दिसतंय. वर्गात बाईंनी अर्थ विचारला आणि मी मोठ्यानं म्हणाले, सरकार. कान धर. घरी येऊन रडले तर मामा पोट धरून हसला, कारण त्यानं पण लहानपणी हेच उत्तर दिलं होतं आणि हेच कान धरले होते. आमच्या जीपमधले निम्मे लोक त्याच उत्तरावर उभे राहिलेत.

आता मामा. तहसीलच्या समोर त्याचं झेरॉक्सचं दुकान. रविवारी तो चर्चमध्ये ढोलकी वाजवतो, आणि ढोलकी अशी की खालच्या गिरणीवाल्याचा पाय पण ठेका धरतो. स्वभावानं इतका गोड की त्याला नाही म्हणता येत नाही. गिऱ्हाईकानं उलटा कागद दिला तरी हा आधी तो उलटाच झेरॉक्स करून देणार, मग हळूच म्हणणार, एक सुलटी पण काढू का.

तर त्याचा गुडघा गेला. मांडी घालून बसता येईना आणि ढोलकी खुर्चीवर बसून वाजेना. मंडळीनं प्रार्थना सुरू केली. दर रविवारी गुडघा. त्या गुडघ्यासाठी जेवढी प्रार्थना झाली तेवढी पावसासाठी पण झाली नसेल. पास्टर प्रत्येक वेळी विचारायचे, डावा का उजवा, म्हणजे देवाला चुकीचा पत्ता जायला नको. बाई तर शुक्रवारी उपास धरायच्या. शुगर असलेल्या बाईनं उपास धरू नये, हे सांगायची हिंमत ना डॉक्टरची ना आईची.

आणि एक दिवस मामा जिना चढून वर आला, धडधडत, आणि मांडी घालून बसला. पास्टरांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? मामा उठला. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं की बरं वाटतंय, देवाचे उपकार. पण त्यानं 'बरं' म्हटल्याबरोबर हॉल असा गरजला की गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. बाई पुढच्या बाकावर डोळे पुसत होत्या. बाईंच्या डोळ्यात पाणी आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं, मामानं पण नाही. आणि त्या पाण्याकडं बघत बघत मामाच्या तोंडून निघालं, "गोळी न्हाई, इंजेक्शन न्हाई. नुसती तुमची प्रार्थना."

मी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. मंडळीच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, बाईंनी पण, आणि बाई ग्रुपवर फक्त वचनं आणि आमच्या शुद्धलेखनाच्या चुका एवढंच टाकतात.

पुढं काही रविवार गेले. बाई बारीक दिसायला लागल्या. सारखं पाणी पीत होत्या, जीप दोनदा थांबवायला लागायची. आणि एका रविवारी गाण्याचं दुसरं कडवं चालू असताना, आम्ही सूर चुकलो म्हणून आमच्याकडं रागानं बघता बघता त्या बाकावरनं खाली घसरल्या. आम्हाला आधी वाटलं चुकलेल्या सुरानं झालं. दवाखान्यात नेलं तर शुगर कुठल्या कुठं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेता ना? बाई म्हणाल्या, बंद केल्यात. कधीपासनं? मामाच्या साक्षीपासनं.

आई म्हणाली, बाई, असं कसं करता. तर बाई पलंगावरनं म्हणाल्या, "त्याचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा आहे का? तो माझा विद्यार्थी आहे." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, बाईंनी त्या पर्समध्ये ठेवल्या, पर्सला चेन लावली, विषय संपला. पहिल्या नंबरानं येणारी पोरगी कशी असते, तशा त्या होत्या. डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले, हे असंच चाललं तर पुढच्या वेळी नुसती चक्कर नसेल.

त्याच दिवशी घरी आल्यावर मामीचा बांध फुटला. मामी चहा गाळत होती, गाळणं तसंच हातात धरून म्हणाली, कसली प्रार्थना आणि कसलं काय, ह्यांनी पुण्याला जाऊन गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय, आणि रोज सकाळी दार लावून व्यायाम करतायत, पाय वर, पाय खाली. चहा ओट्यावर सांडत होता, कुणी बघितलं नाही. सगळे मामाकडं बघत होते. मामा कपाकडं बघत होता.

मला त्याचा राग आला का? आला. पण त्यानं जे सांगितलं त्यानं मी हसायला लागले आणि आईनं मला चिमटा काढला. तो म्हणाला, "एवढ्या लोकांनी एवढी प्रार्थना केलेली, त्यांना वाईट वाटंल म्हून म्या म्हणलं तसं. बाई तर उपाशी राहिल्या माझ्यापायी. त्यांना काय सांगू, तुमचा उपास फुकट गेला, सुईनं काम झालं?"

म्हणजे बघा, माणूस खोटं बोलला ते दयेपोटी. उलटा झेरॉक्स.

दुसऱ्या दिवशी पास्टर आले. आमचे पास्टर वयानं लहान, नवीन, कुणाला दुखवायचं म्हटलं की तेच आधी माफी मागतात. ते म्हणाले, हळुवारपणे घेऊ, सगळ्यांसमोर नको, दयेनं झाकलेलं बरं, शिवाय त्या साक्षीनं कितीतरी जणांना उभारी आली आहे. आई चर्चच्या पंच कमिटीवर आहे आणि मामाची थोरली बहीण आहे, म्हणजे दोन्हीकडनं कडक. ती म्हणाली, उभा करा त्याला मंडळीपुढं, प्रभुभोजनाची भाकर आणि पेला बंद करा, ढोलकी काढून घ्या. पास्टर म्हणाले, प्रभूनं पापी माणसाला जवळ घेतलं. आई म्हणाली, घेतलं, आणि जा, पुन्हा पाप करू नकोस असं पण सांगितलं, ते वाचा. दोघं बराच वेळ असे एकमेकांवर वचनं फेकत होते आणि मधे मामा, बिस्कीट चहात बुडवून विसरलेला. माझ्या डोक्यात सरळ होतं, दया म्हणजे पास्टर, शासन म्हणजे आई, आणि बिस्कीट म्हणजे मामा.

मग आई एकदम शांत झाली. म्हणाली, "पास्टर, दया कुणावर करायची ते आधी ठरवा. ह्याच्यावर का बाईंवर?"

पास्टरांनी पण बिस्कीट घेतलं.

मामाच म्हणाला, मी एकटा जाऊन बाईंना सांगतो. आम्हाला बरं वाटलं. संध्याकाळी गेला, चांगला तासाभरानं आला, मिशीला पोह्याचं खोबरं. सांगितलंस का? म्हणाला, सांगितलं. काय सांगितलं? तर म्हणाला, मी बाईंना म्हणलं, बाई, माझा विश्वास काय एवढा मोठा न्हाई. मग? मग बाई म्हणाल्या, ज्याचा विश्वास मोठा असतो तो असंच बोलतो. आणि अजून पोहे वाढले.

आईनं कपाळाला हात लावला. वर बाईंनी त्याच्या नम्रतेचं कौतुक करून पुढच्या रविवारी पोरांना त्याच्यावर धडा द्यायचं ठरवलं होतं. धडा. मामावर. आणि गोळ्या पर्समध्येच.

आपल्या गोड खोट्यानं काय करून ठेवलंय ते मामाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं बहुतेक. घरी आला तेव्हा हसत होता, पण जेवला नाही. मामी म्हणाली, गुडघा दुखतोय का? तो म्हणाला, गुडघा न्हाई.

रविवारी जीपमध्ये कुणी बोलत नव्हतं. आमचा ड्रायव्हर जवळच्या पाली गावचा, शेती करतो, राजगडाच्या पायथ्याला सोडायचे ट्रेकर नसले की आम्हाला नेतो. आमच्या देवाशी त्याचं काही घेणं नाही, पण खाली जीपमध्ये बसून स्पीकरवर तो सगळा उपदेश ऐकतो आणि परतताना मार्क देतो. त्यानं आरशातनं बघितलं आणि विचारलं, आज मयत हाय का कुणाची? मामा म्हणाला, होईल.

साक्षीची वेळ आली. मामा ढोलकी गळ्यात घालून, मांडीवर घेऊन खाली बसलेला, समोर माईक. उठला. ढोलकी गळ्यातच राहिली. पास्टरांनी डोळे मिटून घेतले, प्रार्थना करत होते की बघवत नव्हतं देव जाणे.

मामा म्हणाला, "मागं म्या साक्ष दिली ती खोटी होती. गुडघ्यात पुण्याला जाऊन इंजेक्शन घेतलंय. व्यायाम चालूय. तुमी प्रार्थना केली ती देवानं ऐकली का न्हाई मला म्हाईत न्हाई, डाक्टर चांगला भेटला एवढं खरं." मग थांबला आणि बाईंकडं वळला. "बाई, माझं ऐकून तुमी गोळ्या सोडल्या. तुमी पडला ते माझ्यामुळं."

खाली गिरणी चालू होती, तेवढाच आवाज. कुणीतरी 'आमेन' म्हणालं, सवयीनं, आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

बाई उठल्या. काठी टेकत, दुखणाईत माणसासारख्या नाही, वर्गात राउंडला निघाल्यासारख्या. मामाच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, "कान धर."

पन्नाशीचा माणूस, डोक्यावरचे केस मागं सरकलेले, गळ्यात ढोलकी. त्यानं कान धरले. पोरं खिदळली. मी पण, खरं सांगायचं तर, ओढणी तोंडात कोंबली. पास्टर पुढं आले, हात पुढं करून, म्हणजे दयेचा काहीतरी मुद्दा मांडणार होते, पण बाईंनी नुसतं बघितलं आणि ते जागच्या जागी थांबले. मला वाटतं त्यांचे पण हात कानाकडं चालले होते.

आम्ही वाट बघत होतो की आता बाई काय सुनावतात. आई बाकाच्या कडेवर आली होती. एवढी शासन शासन करणारी माझी आई, पदर पिळत होती.

बाई पुढं वाकल्या आणि अगदी हळू विचारलं. त्यांना वाटलं फक्त मामालाच ऐकू जाईल. पण ढोलकीचा माईक चालू होता, आणि ते हॉलभर ऐकू आलं, जिन्यात ऐकू आलं, खाली जीपमध्ये पण ऐकू आलं.

"इंजेक्शन दुखतं का रे?"

मामा कान धरून तसाच. "न्हाई बाई. मुंगी चावल्यागत."

"खोटं बोलू नकोस."

मामानं कान आणखी घट्ट धरले. "दुखतं बाई. पण थोडंच. आणि मग बरं वाटतं."

आणि मग बाईंच्या तोंडून सगळं बाहेर आलं, माईकवर, कारण माईक बंद करायचं माझं काम होतं आणि माझं लक्षच नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की गोळ्यांनी भागलं नाही तर पोटावर इंजेक्शन घ्यावं लागेल, रोज. बाईंना सुईची भीती. लहानपणापासनं. शाळेत लस टोचायला लोक आले की बाई पोरांना लाईनीत उभं करायच्या आणि स्वतः हजेरी तपासायला ऑफिसात जायच्या. मामाची साक्ष ऐकली आणि त्यांना वाटलं, सुटले. विश्वास होताच, पण त्या विश्वासाच्या मागं एक सुई लपून बसलेली. आम्ही ज्या बाईला आयुष्यभर घाबरलो ती मुंगी चावायला घाबरत होती.

कुणी हसलं नाही. म्हणजे हसावंसं वाटलं, पण ते हसू वेगळंच होतं.

आई उठली. पंच म्हणून तिला विचारायलाच हवं होतं. म्हणाली, बाई, ह्याला आज प्रभुभोजन द्यायचं का? बाईंनी मागं वळून बघितलं, मूर्ख पोरीकडं बघतात तसं. म्हणाल्या, "त्याला नाही तर कुणाला? औषध काय बरं झालेल्याला देतात?" मग जरा विचार करून म्हणाल्या, ढोलकी मात्र मी सांगेपर्यंत बंद. आणि माझी गोळी रोज सकाळी हाच येऊन देणार, मला 'आठवत नाही' असं खोटं सांगायला जागा नको म्हणून. तेवढ्यात त्यांच्याच लक्षात आलं की ते 'आठवत नाही' खोटं आहे हे त्यांनीच सांगून टाकलं. जागेवर जाऊन बसल्या. "हात खाली घे," असं सांगायचं विसरल्या, त्यामुळं मामा पुढचं गाणं पण कान धरूनच उभा होता. गाणं ढोलकीशिवाय भयंकर झालं.

परतताना नसरापूरला ड्रायव्हर म्हणाला, आमच्यात नवस फेडला न्हाई तर देव बघून घेतो, तुमच्यात बाईच बघून घेत्यात, देवाला काय कामच न्हाई ठेवलं. पुढच्या सीटवर बाई झोपल्याचं सोंग घेऊन बसल्या होत्या. मान तेवढी हलली. मामीनं जीपमध्येच पाण्याची बाटली पुढं केली, आणि पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. एवढा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला आणि सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

आता रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मामा बाईंकडं जातो. बाई ओट्यावर बसलेल्या असतात. त्याला लांबनं बघितलं की आतल्या सुनेला ओरडून सांगतात, "शासन आलं गं, चहा टाक. बिनसाखरेचा." मामाला पण बिनसाखरेचाच, तो त्याच्या शिक्षेचा भाग. तो म्हणतो, ह्यापेक्षा प्रभुभोजन बंद केलं असतं तर परवडलं असतं. गोळ्या चालू झाल्या तरी एवढे दिवस वाया गेले होते, शुगर काही ऐकेना, आणि शेवटी डॉक्टरांनी ते पोटावरचं इंजेक्शन सांगितलंच.

पहिलं इंजेक्शन द्यायला आमच्या गल्लीतल्या नर्स सिस्टर आल्या. त्या पण बाईंच्याच विद्यार्थिनी, त्यामुळं कोण कुणाला जास्त घाबरत होतं सांगता येणार नाही. आई म्हणाली, बाई, प्रार्थना करायची का? बाई म्हणाल्या, ती मी रात्रभर केली, आता सुईचं बघा. मी मोबाईल काढला तर आईनं तो माझ्या हातातनं घेतला आणि पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

बाईंनी डोळे मिटले आणि हातानं बाजूला चाचपडलं. मामा शेजारी खाली बसला होता, मांडी घालून. त्याचा कान हाताला लागला. धरला, आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत असा पिरगाळला की ओरडला तो मामाच.

"दुखलं का?" बाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

मामा कान चोळत म्हणाला, "थोडंच, बाई."